वीस किलोंतलं पातेलं

आमच्या सूतगिरणीने इटलीहून सूत गुंडाळायची यंत्रं घ्यायचं ठरवलं, त्या वर्षी मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. यंत्र बनवणाऱ्या कारखान्याची अट होती, की गिरणीच्या एका माणसाने पाच आठवडे तिकडे येऊन यंत्र शिकून जावं. आमच्या स्पिनिंग मास्तरांना मधुमेह होता. त्यांच्या हाताखालच्या साहेबांचं लग्न ठरलं होतं. तिसरा मी. तपासणी विभागात एकशे वीस यार्डांची लड उतरवायची, तिचं वजन करायचं आणि सुताचा नंबर काढायचा, हे काम मी एकोणीस वर्षं करत होतो. माझ्या निवडीमागे याहून वेगळं कारण असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कारखान्यात दुभाषा मिळणार होता, पण कारखान्याबाहेर आपलं आपण बघायचं होतं. सांगलीत इटालियन शिकवणारं कुणी नव्हतं. मी दोन महाविद्यालयांत चौकशी केली. एका ठिकाणी जर्मन मिळेल म्हणाले.

"आमच्या काकांना येतं की," बायको म्हणाली.

"कुठल्या काकांना?"

"औंधकडच्या. ते नव्हते का लढाईत इटलीत कैदेत?"

हे तिचे चुलते. फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झालेले, तेव्हा साठीला टेकलेले. औंधच्या पुढे सात मैलांवर त्यांची शेती होती. मी त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी ते स्वतःच आले. बरोबर वळकटी, अर्धं पोतं वाघ्या घेवडा आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. ते अठरा दिवस राहिले.

मी वही आखून ठेवली होती. अनुक्रमांक, शब्द, अर्थ, शेरा. पहिल्या दिवशी चहा झाल्यावर मी विचारलं, "काका, यंत्राला काय म्हणतात?"

"म्हाईत न्हाई."

"सुताला?"

"न्हाई बा. सुतळीला स्पागो."

"दुरुस्ती?"

काका म्हणाले, "पाव्हणं, मी तितं काय गिरणीत हुतो का? आदी छावणीत हुतो. शिपाई यायचा, वरडायचा, सामान बांधा, चला. मग त्यांचं राज्य पडलं, पहारा पळाला, आमी डोंगरात शिरलो. एका बाईनं सात म्हैनं लपवून ठेवलं. जर्मन झडतीला आला की ह्या खोपटातनं त्या खोपटात. सात म्हैन्यांत नऊ डाव सामान बांधलं. सामान बांधायचं इटालियन मला समदं येतंय. बाकीचं कशाला लागतंय?"

मी विचार केला. पाच आठवड्यांचं सामान मला बांधायचं होतंच, आणि तिकडे ते सोडून पुन्हा बांधायचं होतं. त्यामुळे हे शब्द किमान दोनदा उपयोगी पडणार होते. मी वहीत पहिला शब्द लिहिला. वालीजा म्हणजे पेटी.

काकांची शिकवण्याची पद्धत फौजी होती. सकाळी सात वाजता पेटी उघडून सतरंजीवर ठेवायची. शेजारी सगळे कपडे. काका खुर्चीत बसून हुकूम द्यायचे आणि मी ते पाळायचे. प्येगा म्हटलं की घडी घालायची. मेत्ती म्हटलं की आत ठेवायचं, तोल्यी म्हटलं की बाहेर काढायचं. लेगा म्हणजे बांध, क्यूदी म्हणजे बंद कर, आप्री म्हणजे उघड. पोर्ता म्हणजे उचलून ने. पेटी भरून झाली की प्येनो, रिकामी झाली की वुओतो. सदरा कामीचा, मोजे काल्झे, जोडे स्कार्पे, पांघरूण कोपेर्ता.

"कामीचा म्हंजी आपली कमीजच की," काका म्हणाले. "शिवायचं समद्या जगानं एकाकडनंच शिकलंय."

हुकमाप्रमाणे पेटी भरायला पहिल्या दिवशी मला एकेचाळीस मिनिटं लागली. बाराव्या दिवशी चौदा. काका म्हणाले, "झडती आली असती तर तुमी पयल्या दिशी गावला असता. आता निदान पळाल तरी."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने काही लिहून घेतलं नाही. सहाव्या दिवशी मी गिरणीतून आलो आणि कडी वाजवली, तर ती आतल्या मोरीतून काकांना ओरडून सांगत होती, "काका, आप्री!" आणि काकांनी दार उघडलं. माझे तोवर एकतीस शब्द झाले होते. तिचे किती झाले होते हे तिने कधी सांगितलं नाही.

एकीकडे मी वजनांच्या मागे होतो. विमानात वीस किलो सामान चालणार होतं. मी तपासणी विभागातला काटा वापरायची लेखी परवानगी घेतली आणि तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आपले कपडे वजन केले. माझ्या हाताखालचा माणूस म्हणाला, "साहेब, ह्या बनियनचा नंबर काय पडला?" मी त्याला ग्रॅम सांगितले.

रिकामी पेटी चार किलो दीडशे ग्रॅम. कपडे, त्यात लोकरीचा लांब कोट, सहा किलो नऊशे. जोड्यांचा दुसरा जोड एक किलो पन्नास. दाढीचं सामान वगैरे सहाशे. गिरणीच्या सुताचे नमुन्याचे कोन, म्हणजे निमुळती रिळं, तीन किलो दोनशे. कागदपत्रं नऊशे. बायकोचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट मिळून दोन किलो. एकूण अठरा किलो आठशे. एक किलो दोनशे शिल्लक. मी समाधानी होतो.

तेराव्या दिवशी काकांनी धोतराचं गाठोडं सोडलं.

आत तांब्याचं पातेलं होतं. वर बादलीसारखी लोखंडी कडी, आणि कडीच्या एका कानाजवळ तांब्याचंच ठिगळ. बाहेरून घासून लख्ख केलेलं, आतून ताजी कल्हई. यायच्या आधी त्यांनी औंधला मुद्दाम थांबून ती करून घेतली होती.

"ह्ये तेवढं पोचतं करायचं," काका म्हणाले.

"कुणाला?"

"त्या बाईला. तिचंच हाय."

मग त्यांनी सांगितलं. सात महिन्यांनी, बर्फ वितळायला लागल्यावर, डोंगरापलीकडे आपल्या सैन्याकडे जायची वेळ आली. बाईने त्या पातेल्यात घेवडा शिजवून दिला. वाटेत खिंडीत दगडी गडगा होता. तिथे बसून खायचं, पातेलं गडग्यामागे ठेवायचं आणि पुढे जायचं. संध्याकाळी तिचा दीर मेंढरांमागे जाई, तो ते घेऊन येणार होता. तसं ठरलं होतं. काका गडग्याशी बसले, खाल्लं, आणि खालून कुत्र्यांचा आवाज आला.

"मी उठलो आन् पळालो. पार खाली आल्यावर बगतो तर पातेलं हातातच. लाशा म्हणली हुती बाई. ठेव, सोड. मी सोडलंच न्हाई."

"मग परत..."

"परत कसा जातोय? मागं जर्मन." काकांनी पातेल्याच्या कडीवर हात ठेवला. "पाव्हणं, त्या घरात भांडी दोन हुती. एक ह्ये. दीर गडग्याशी आला असंल, हिकडं तिकडं बगितलं असंल. घरी जाऊन काय म्हणला असंल? तीस वर्सं झाली, त्या घरात मी भांडं चोरून पळालेला मानूस हाय. सात म्हैनं खाऊ घातलं आन् भांडं घिऊन गेला, आसं."

बायको दारात उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

पातेलं मी दुसऱ्या दिवशी गिरणीत नेऊन वजन केलं. एक किलो तीनशे पन्नास. दीडशे ग्रॅमचा प्रश्न होता. तो सुटण्यासारखा आहे, असं मी घरी येऊन सांगितलं.

"रिकामं न्हेता?" काका म्हणाले.

ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आमच्याकडे शेजारच्या घरून भांड्यातून काही आलं, तर ते भांडं रिकामं परत जात नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी म्हणालो, "साखर घालू. दहा ग्रॅम."

"पाव्हणं, तिनं भरून दिलं हुतं. त्या साली मान्सं झाडपाला खात हुती तितं." काका उठले आणि पोत्यातून घेवडा आणून पातेल्यात ओतू लागले. काठोकाठ झाल्यावर थांबले. घेवडा दोन किलो शंभर भरला. पातेल्यासकट तीन किलो चारशे पन्नास. एकूण बावीस किलो अडीचशे.

मी म्हणालो, "बसत नाही."

त्या दिवशीच्या पाठात काकांनी एकच हुकूम दिला, तोल्यी. मी एक एक वस्तू बाहेर काढत गेलो. पेटी रिकामी झाल्यावर ते म्हणाले, "आता पयल्यांदा पातेलं मेत्ती. मंग बगा काय ऱ्हातंय."

"चिवडा काढा," बायको म्हणाली.

"चिवडा राहू दे."

"हातात धरून न्या मग."

तेही मी पाहिलं होतं. तिकिटाबरोबरच्या कागदावर हातात काय चालेल त्याची यादी होती. लांब कोट, छत्री, कॅमेरा, वाचायची पुस्तकं. पातेलं त्या यादीत नव्हतं. पण यादी तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की लांब कोट आहे. कोट दोन किलो शंभर. तो अंगात घातला की राहिले वीस किलो दीडशे. मग मी टॉवेल काढला, दोनशे ऐंशी ग्रॅम. एकशे तीस ग्रॅम उरले ते मोकळे सोडले. इटलीत टॉवेल मिळत असतील असं मी धरून चाललो.

निघायच्या आदल्या दिवशी मी पातेल्याला बांधायला पुठ्ठ्याची चिठ्ठी कापली आणि काकांना बाईचं नाव विचारलं.

"नाव न्हाई म्हाईत."

"सात महिने राहिलात ना?"

"आवं, माझ्यापेक्षा ईस वर्सांनी मोठी बाई. तिचं नाव कसं घ्यायचं? मी आक्का म्हणायचो. ती मला इंदियानो म्हणायची."

"नवऱ्याचं नाव? आडनाव?"

"नवरा लढाईत हुता. त्याचं नाव तिला कसं इचारू?" काकांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. गावाचं नाव मात्र त्यांना पाठ होतं. देवळाच्या वरच्या अंगाला, अक्रोडाच्या झाडाखालचं घर. मी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं. चिठ्ठी तीन ग्रॅमची होती.

"समजा बाई नसेल, तर?" मी विचारलं.

"घर असंल की. त्या घरात जायाला पायजे. भरल्यालं."

मला तिथे बोलायला म्हणून काकांनी एक वाक्य बांधून दिलं. आणलं, इथे ठेवतो, भरलेलं आहे. पोर्तो, मेत्तो क्वी, प्येनो. मी ते एस.टी.त कराडपर्यंत म्हणत गेलो. मुंबईला विमानतळावर नोव्हेंबरच्या उकाड्यात लोकरीचा कोट घालून रांगेत उभा राहिलो. तिथल्या काट्यावर पेटी वीस किलो शंभर भरली. आमचा काटा चुकलेला नव्हता, त्यांचा होता. पण काट्यावरच्या माणसाने हात हलवून पुढे जायला सांगितलं, म्हणून मी त्याच्याशी बोललो नाही.

पाच आठवड्यांत चार रविवार मोकळे होते. ते गाव कारखान्यापासून बरंच दूर, दक्षिणेकडच्या डोंगरात होतं. मी एका शनिवारची रजा लेखी मागितली आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बसमधून त्या गावात उतरलो. परतीची बस चार वाजून दहा मिनिटांनी होती.

चौकात पाच-सहा म्हातारे बसले होते. मी फडकं सोडलं आणि पातेलं वर धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पातेल्याकडे पाहिलं. एकाने उठून कडीजवळच्या ठिगळावरून अंगठा फिरवला आणि बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. मग तो चालू लागला. मी मागे. देवळाच्या वर गेल्यावर अक्रोडाचं झाड नव्हतं. घर होतं.

दारात ऐंशीला टेकलेली बाई होती, काळं लुगडं म्हणावं तसा काळा झगा, डोक्याला रुमाल. मी माझं वाक्य म्हटलं आणि पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं.

तिने आधी कडी धरली. मग आत हात घातला, मूठभर घेवडा काढून वास घेतला, उजेडात धरला, आतल्या सुनेला दाखवला. ती पुष्कळ बोलली. त्यातले दोन शब्द मला कळले, पोर्ता आणि प्येनो. नंतर तिने मला एक शब्द विचारला. मला तो येत नव्हता. तिने पुन्हा विचारला. मी वही काढली. चौऱ्याहत्तर शब्दांत तो नव्हता. तेव्हा तिने आभाळाकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

काका गेले का, असं ती विचारते आहे हे मला कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि काका इथे भूमीवर आहेत या अर्थाने बोट जमिनीकडे केलं. बाईने कपाळाला, छातीला हात लावला. सूनही तसंच करू लागली. मग माझ्या डोक्यात आलं, की यांच्यात माणूस पुरतात. मी घाईघाईने दोन्ही हातांनी घास खाऊन दाखवले, नांगर धरून दाखवला, आणि पेटी भरायचा हुकूम देणारा माणूस खुर्चीत कसा बसतो तेही दाखवलं. वर म्हणालो, "इंदियानो. लेगा! क्यूदी! पोर्ता!" बाई हसायला लागली. तिला खाली बसावं लागलं.

मी चार वाजेपर्यंत तिथे होतो. डोंगरावरच्या बसला उशीर चालत नाही, म्हणून घड्याळ समोर ठेवलं होतं. त्यांनी त्याबद्दल राग मानला नाही.

सांगलीला परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं औंधला गेलो आणि तिथून पुढे टांग्याने. काका ओसरीवर बसले होते. बायको आत पाण्याला गेली. मी गाव, चौक, म्हातारा, ठिगळ, सगळं क्रमाने सांगितलं. अक्रोड नसल्याचंही सांगितलं. काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "चोरलं म्हणली का?"

मी म्हणालो, "काका, ते मला विचारता आलं नाही. आपल्या वहीत तो शब्द नव्हता."

"व्हय. त्यो कुठनं असंल." त्यांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "मंग काय केलं तिनं? ठिवून दिलं आसंल फळीवर."

"नाही. तेव्हाच चुलीवर ठेवलं."

"म्हंजी?"

"घेवडा धुतला, त्याच पातेल्यात पाणी घातलं आणि चुलीवर टांगलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी. साडेतीन तास शिजत होता, मधे दोनदा पाणी वाढवलं. मग आम्ही तिघांनी खाल्ला."

"माझा घेवडा?"

"तोच. सगळा नाही, अर्धा असेल."

"त्याच पातेल्यात?"

"माझ्यासमोर."

काकांनी डबा बाजूला सरकवला आणि मांडी बदलून बसले. आतून बायकोने विचारलं, चहा टाकू का.

"चवीला कसा झालता?" काकांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. "मीठ कमी होतं."

"तवाबी कमीच आसायचं," काका म्हणाले. "घाला म्हनायची सोय न्हाई. मीठ हुतंच कुटं तिच्यापाशी?" आणि आत बघून त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं.